शकुबाईचा पाचवा रिपोर्ट

कारंजा घाडगेत बसस्टँडसमोर चंद्रभान काळबांडेची रक्त तपासायची लॅब आहे. एकतीस वर्षं झाली. गावात असा दंड सापडायचा नाही ज्याला चंद्रभानने कधी रबर बांधलं नाही. ढाबेवाले, ट्रकवाले, शाळेतले मास्तर, संत्र्याच्या तोडीवरच्या बाया, सगळ्यांना तोच लागतो. एखाद्या म्हातारीची शीर कोणाला सापडत नसली की तिला ऑटोत घालून त्याच्याकडे आणतात. तो तिला गप्पांत गुंतवतो, मधेच दोन शिव्या पुढाऱ्यांना घालतो, आणि म्हातारी विचारते, "कवा टोचतं रे बाप्पा?" तोवर रक्त नळीत गेलेलंसुद्धा असतं. हाताला असं यश फार थोड्यांच्या असतं. चंद्रभानला त्याचा गर्व आहे आणि तो लपवायच्या भानगडीत कधी पडला नाही.

"शीर तं कोनीबी पकडते," तो म्हणायचा. "रक्त नळीत सोडाले अक्कल लागते."

आणि मग समोर कोणी असो, पेशंट असो की चहावाला, त्याचा धडा सुरू व्हायचा. सिरिंजची सुई आधी काढायची. सिरिंजचं तोंड नळीच्या भिंतीला टेकवायचं. रक्त भिंतीवरून सावकाश उतरू द्यायचं. घाई करून सुईतूनच जोरात दाबलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडतं, नळी मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पाणी पिवळं दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतं, आणि मग आकडे वाट्टेल ते येतात. लॅबवाले याला सॅम्पल फुटलं म्हणतात. त्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, रक्त परत मागवतात. चंद्रभानची फुटलेली सॅम्पलं एकतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. ज्या टेस्ट त्याच्याकडे होत नाहीत त्या तो वर्ध्याच्या एका लॅबला पाठवतो. तिथे नवीन पोरांना त्याच्या नळ्या दाखवून शिकवतात म्हणे.

हे सगळं आधी सांगून ठेवलं, कारण पुढे या माणसाने जे केलं ते एरवी कोणाला खरं वाटणार नाही.

त्याची बायको शकुबाई. चंद्रभान नागपूरहून कोर्स करून आला तेव्हा लॅबला जागा नव्हती, भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान मांडलं होतं. काचेच्या नळ्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, पुसायच्या, त्यावर नावाची चिठ्ठी डकवायची, ही कामं शकुबाईची. ती सातवीपर्यंतच शिकलेली, पण नळीतल्या पाण्याचा रंग बघून सांगायची, याले कावीळ हाय. आणि ती बरोबर निघायची. चंद्रभान चिडवायचा, "तूच बस खुर्चीवर, मी भाकरी थापतो." ती म्हणायची, "तुमची भाकर कोन खाईन?"

दीड वर्षापूर्वी तिच्या लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसली, कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, ते मूत्रपिंड काढून टाकलं. नंतरची तपासणी सेवाग्रामला लावून घेतली. तिथल्या चारुता मॅडम समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर दोन नावं लिहून दिली, एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज. ही रक्तातली एन्झाइम. पेशी मोडायला लागल्या, हाडाला धक्का लागला, की ही रक्तात वाढतात. दर तीन महिन्यांनी बघायची. खाली राहिली तर चांगलं. चढली तर गाठीने कुठे तरी पुन्हा डोकं वर काढलं असेल असं समजून शोधायला लागायचं, आणि या आजारात चढलेला आकडा पुढचा रस्ता कठीण आहे असं सांगतो.

"मंग ते खाली राहावं म्हनून काय खाऊ मी?" शकुबाईने विचारलं.

"खाऊन-पिऊन ते खाली येत नाही, काकू. ते फक्त सांगतं."

"म्हनजे कावळ्यासारखं," शकुबाई म्हणाली. "तो वरडते, पन पाहुना काई त्याच्या हातात नाई." मॅडम हसल्या. चंद्रभान हसला नाही.

चार रिपोर्ट झाले. चारही वेळा चंद्रभानने घरी, बाजेवर बसवून तिचं रक्त काढलं, कारण दुसऱ्या कोणाची सुई ती अंगाला लागू देत नसे. चारही वेळा एलडीएच दोनशेच्या आसपास. एकदा तर वर्ध्याहून फोन आल्यावर त्याने लॅबमध्ये बसलेल्या अनोळखी ट्रकवाल्याला चहा पाजला होता.

पाचवा रिपोर्ट द्यायची वेळ आली तेव्हा घरात दुसरीच गडबड होती. मोहिनी, त्यांची एकुलती एक पोरगी, पुसदला दिलेली, तिथेच बँकेत कामाला. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही वाद नव्हता. वाद एवढाच, की आणायची कधी. शकुबाईचा नियम पक्का होता. सातव्या महिन्यात आणायची, नाही तर नवव्यात. आठव्यात पोरीला शिवेबाहेर काढायची नाही. आता हे कोणी खुळ म्हणो. मोहिनीच्या आधीचं शकुबाईचं पहिलं मूल ती आठव्यात माहेरी निघाली असताना एसटीतच गेलं होतं. त्यामुळे या बाबतीत तिच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे, चंद्रभान तर नाहीच.

बाजेवर हात लांब करून ती म्हणाली, "हे पाहा, रिपोर्ट चांगला आला तं पोरीले नवव्यात आनू. तिची सुटी वाचन. बिघडला असन तं आत्ताच आनतो, सातवा सराच्या आंदी. मी हिंडूनफिरून हावो तंवर पोरगी माह्याजवळ राहीन, तिच्या हाताले-पायाले तेल लावून देईन, न्हाऊ-माखू घालीन. मंग जे व्हाचं ते होवो."

"कायले बिघडते," चंद्रभान म्हणाला.

"मी कुठी म्हनतो बिघडला? बिघडला असन तं म्हनलं."

सातवा सरायला तेव्हा तीन आठवडे होते.

चंद्रभानने सुई काढली, नळी तिरपी धरली, रक्त भिंतीवरून उतरवलं. लॅबमध्ये येऊन फिरवलं, वरचं पाणी वेगळ्या नळीत घेतलं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून दुपारच्या वर्ध्याच्या गाडीत ड्रायव्हरजवळ दिलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्ध्याहून रजतचा फोन आला. रजत तिथला टेक्निशियन, चंद्रभानला फार मानणारा.

"काका, काकूचं एलडीएच पाचशे बारा येऊन राह्यलं. अल्कलाइन फॉस्फटेजबी दुपटीच्या वर हाय. मी दोनदा लावून पाह्यलं."

चंद्रभानने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "फुटलं असन. रस्ता खराब हाय."

"नाई जी. पिवळं धम्मक हाय. तुमचं सॅम्पल कवा फुटते?"

रस्त्याने ते फुटूच शकत नव्हतं. वरचं पाणी एकदा वेगळं काढलं की त्यात फुटायला पेशीच उरत नाहीत. रजतला ते माहीत होतं आणि रजत ज्याच्या नळ्या बघून शिकला त्याला तर माहीत होतंच. तो खुर्चीचा दांडा धरून बसला. "रिपोर्ट पाठवू नोको सध्या," एवढं त्याने रजतला सांगितलं.

जेवायला घरी गेला तर शकुबाई अंगणात मिरच्यांचे देठ मोडत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "आला काय?"

तो खरं सांगायलाच आला होता. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण तिने देठ मोडलेली मिरची सुपात टाकली आणि कमरेला हात लावून जरा वाकडी झाली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सॅम्पल फुटलं. परत द्या लागन."

"तुमच्या हातून?"

"होते एखाद्या वक्ती."

"बरं," शकुबाई म्हणाली, "देऊ परत." तिला काही वाटलंच नाही. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

एक आठवडा मिळाला. त्या आठवड्यात काय होणार होतं? काही नाही. पण माणूस असा विचार करत नाही. चंद्रभानला वाटलं, मशीनच बिघडलं असेल. किट जुनं असेल. तिला आतल्या आत ताप असेल. आठ दिवसांनी आकडा आपोआप खाली आलेला असेल आणि मग ही गोष्ट कोणाला सांगायचीही गरज पडणार नाही. तो लोकांचे कागद लिहीत बसायचा आणि पाचशे बारा त्याच्या डोक्यात बसायचा. एकदा डोमाजी नावाचा नेहमीचा पेशंट शुगरचा कागद बघून लाडात म्हणाला, "चंद्रभानजी, वीस-पंचवीस कमी करून द्या ना जी, बायको जेवाले नाई देत." हा विनोद डोमाजी दर महिन्याला करायचा आणि चंद्रभान दर महिन्याला हसायचा. त्या दिवशी तो खेकसला, "माह्या बापाच्या घरचा आकडा हाय काय तो?" डोमाजी बिचारा चूपचाप कागद घेऊन निघून गेला.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तिला बाजेवर बसवलं. ती आता बसताना कमरेखाली उशी घेत होती. बसून बसून कंबर धरते म्हणाली. चंद्रभानला ठाऊक होतं की अल्कलाइन फॉस्फटेज हाडातून येतं. त्याने उशीकडे पाहिलंच नाही. शीर पकडली, रक्त सिरिंजमध्ये आलं. इथपर्यंत त्याच्या मनात काही पाप नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. मग त्याने नळी उचलली, आणि सुई काढायला हात गेलाच नाही. अंगठा दाबला गेला. रक्त बारीक सुईतून चिळकांडीसारखं नळीच्या तळाला आदळलं आणि वर फेस आला.

लॅबमध्ये फिरवून पाहिलं तर वरचं पाणी गुलाबी. आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की स्वतःचीच भीती वाटली. जो आकडा येईल तो खोटा ठरेल. मशीनचं तोंड बंद. ज्या माणसाने एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या फुटलेल्या नळीला नाकं मुरडली, त्याने ती नळी डब्यात घातली आणि गाडीत दिली.

"काका, फुटून गेलं आज," रजत म्हणाला. "एलडीएच लावत नाई मी. तब्येत बरी हाय ना तुमची?"

घरी त्याने सांगितलं, पुन्हा फुटलं. शकुबाईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पोरीचा सातवा सरते. तवर काय ते सांगा बाप्पा. मंग महिनाभर तिले हलवता येत नाई."

"शुक्रवारी घेऊ पुन्हा," तो म्हणाला. कोणता शुक्रवार, तर रविवारच्या अगदी तोंडावरचा.

त्या दहा दिवसांत त्याला सांगायला शंभर जागा होत्या. सकाळी चहा घेताना, देवाजवळ दिवा लावताना, ती कमरेला बाम लावून मागायची तेव्हा. बाम लावताना त्याची बोटं तिच्या पाठीच्या मणक्यावरून फिरायची आणि एका जागी ती 'हूं' करायची. ती जागा त्याला पाठ झाली. आपण काही करू शकत नाही हे त्याला कळत होतं. मूत्रपिंड परत बसवता येत नव्हतं, गाठ परत पाठवता येत नव्हती. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, मशीनला बोलू न देणं, आणि तो तीच करत होता.

शुक्रवारी त्याने ठरवूनच केलं. सुई तशीच ठेवली, अंगठा दाबला. फरक एवढाच झाला, की एरवी रक्त काढताना त्याच्या तोंडाकडे बघून गप्पा मारणारी शकुबाई त्या दिवशी त्याच्या हाताकडे बघत होती. जिने पुढच्या खोलीत बसून तो धडा हजार वेळा ऐकला होता, तिने सुई पाहिली. नळीतला फेस पाहिला. तिने बाही खाली केली.

"झालं?"

"झालं."

ती चुलीकडे गेली. चंद्रभानने तिची पाठ पाहिली आणि त्याला वाटलं, नाही, लक्षात नसेल आलं.

शनिवारी सकाळी ती शेजारच्या जिजाबाईबरोबर पहिल्या गाडीने गेली. जिजाबाईच्या भाचीकडे वर्ध्याले जातो म्हणाली. खरं म्हणजे दोघी सेवाग्रामला गेल्या होत्या. तिथे शकुबाईने, ऑपरेशन सोडलं तर, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून रक्त काढून घेतलं. रिपोर्ट सोमवारी मिळेल म्हणाले. चंद्रभानला हे सोमवारीच कळलं. तुम्हाला आत्ता सांगतो, म्हणजे रविवारी काय झालं ते नीट समजेल.

रविवारी जेवणं झाली. शकुबाई मांडीवर फोन घेऊन त्याच्यासमोर बसली.

"आज रविवार हाय."

"मालूम हाय."

"जवाई घरी असन. फोन केला तं सांजेपर्यंत पोरीले गाडीनं आनून सोडन. उद्यापासून आठवा."

चंद्रभानने पाण्याचा गिलास उचलला.

"तुमाले काई सांगाचं हाय काय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर त्याने कदाचित सांगितलंही असतं. "काई असन तं सांगा. मी भेत नाई. मी फक्त पोरीले बलावतो."

पाचशे बारा त्याच्या जिभेवर आलेला होता. त्याला वाटलं, हा आकडा मी तोंडाने बोललो की तो खरा होईल, आणि मग ही बाई माझ्यासमोर अशी बसणार नाही. तो पाणी प्यायला.

"सॅम्पलच चांगलं नाई आलं," तो म्हणाला, "तं मी काय सांगू?"

शकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि फोन उचलून फळीवर ठेवला.

त्यानंतर तो लॅबमध्ये गेला, शटर अर्धं ओढून बसून राहिला. बाहेर हायवेवर ट्रक जात होते. पाच वाजेपर्यंत घरी जाऊन सांगता आलं असतं, मग सहापर्यंत. पुसदहून गाडी निघायला उशीर झाला असता, पण निघाली असती. तो उठला नाही.

सोमवारी सकाळी शकुबाई लुगडं बदलून तयार. "चाला," म्हणाली, "सेवाग्रामले. शनिवारी रक्त देऊन आलतो मी. कागद आनाचा हाय."

चंद्रभानला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडीत ती खिडकीशी बसली, तो तिच्या बाजूला. वाटेत खरांगणा गाव लागलं. मग त्यानेच हळूच विचारलं, "काल मंग तू मले विचारलं काऊन? तुले तं समजलं होतं."

"समजलं होतं," ती बाहेर बघत म्हणाली. "पन तुमी म्हनलं ना, सांगाले काई नाई. मले वाटलं, इतके वर्स माह्याशी खोटं नाई बोलले, तं आताबी नाई बोलत असन. हात थरथरला असन म्हातारपनी. म्हनून नाई लावला फोन."

चंद्रभानने खिशातली तिकिटं काढून पाहिली.

कागदावर एलडीएच सहाशे अठरा होतं, अल्कलाइन फॉस्फटेजही चढलेलं. सॅम्पल स्वच्छ होतं. चारुता मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले, पाठ दाबून पाहिली आणि स्कॅन लिहून दिला. तो त्याच दिवशी काढून घेतला, त्यात फुफ्फुसात दोन ठिपके निघाले आणि मणक्यात एक मोठा डाग. गोळ्या सुरू करायच्या ठरल्या. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, गोळी रोग हटवणार नाही, हळू करेल, आणि थकवा फार येईल.

शकुबाईने एकच प्रश्न विचारला. "पोरगी नवव्यात येईन. मले तिचं बाळंतपन करता येईन काय?"

मॅडमनी स्कॅनचा कागद बाजूला ठेवला. "बाळाला मांडीवर घ्याल," त्या म्हणाल्या. "पण उठबस, अंघोळ घालणं, शेक देणं, हे तुमच्याने होणार नाही, काकू. मणक्याला जपायला लागेल. तिला तिकडेच राहू दे."

"तेल लावून देनं?"

मॅडमनी मान हलवली.

शकुबाईने तिथूनच, दवाखान्याच्या व्हरांड्यातून, पुसदला विहिणीला फोन लावला. माह्या कमरेनं दगा देला, बाळंतपन तिकडंच करा, पोरीले रोगाचं आत्ताच काई सांगू नोका, असं सगळं नीट, एका दमात सांगितलं. मोहिनी मागून ओरडत होती, मी उद्याच येतो आई म्हणून. फोनमधून चंद्रभानलाही ऐकू येत होतं. शकुबाई म्हणाली, "येजो नोको. तुले आठवा लागला." फोन ठेवून ती बाकावर बसली.

चंद्रभान मॅडमच्या खोलीत एकटाच परत गेला. दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. पहिला आकडा तीन आठवड्यांआधीच मालूम होता, मी दाबला. मंग दोन सॅम्पल मी माह्या हातानं फोडले, जाणूनबुजून. हे सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. तो वाट बघत होता. मॅडमनी रागवावं, टेबलावर हात आपटावा, तुमच्यासारख्या माणसाने हे करावं काय असं विचारावं. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर वाचवलं असतं, असं म्हणाव्या, म्हणजे जन्मभर स्वतःला शिव्या घालायला जागा तरी होईल. दोष असला म्हणजे निदान काही तरी आपल्या हातात होतं असं म्हणता येतं.

चारुता मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी खरोखर विचार केला, तोंडदेखलं बोलल्या नाहीत.

"काळबांडे, असं करायला नको होतं," त्या म्हणाल्या. "पण खोटा दिलासा देत नाही, खरं सांगते. हाडात ते आधीच गेलेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तरी हाच स्कॅन केला असता आणि हीच गोळी दिली असती. आजाराच्या दृष्टीने काही फरक पडला नाही. मनाला लावून घेऊ नका."

तो नमस्कार करून बाहेर आला.

व्हरांड्यात शकुबाई गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो तिच्याजवळ बसला. काही तरी बोलायचं म्हणून, आणि खरं तर तिने माफ करावं म्हणून, तो म्हणाला, "मॅडम म्हनते, तीन आठवड्यानं काई फरक नाई पडला."

शकुबाईने मान हलवली. "त्याइले मोहिनीच्या आठव्याचं कुठी मालूम हाय," ती म्हणाली, आणि कमरेला हात देऊन, त्याचा हात न धरता, गाडीसाठी उठली.